पुढच्या डिफला लॉकर कुठला टाकावा?

तांबडी_माती (कोल्हापूर)

राम राम मंडळी. दोन महिने डोकं खाणारा प्रश्न आहे, शेवटी इथं टाकतोय.

गाडी इसुझू व्ही-क्रॉस, फोर बाय फोर पिकअप, १.९ लिटर, मॅन्युअल. रस्त्यावर आता चालवत नाही, ट्रेलरवर घालून नेतो. ३३ इंची मड टायर, पुढं विंच (अडकल्यावर गाडी दोरीनं ओढून काढणारी चरखी), पोटाखाली जाड प्लेट, पुढून दोन इंच उचललेली. मागच्या डिफमध्ये हवेवर चालणारा लॉकर दीड वर्षापासून आहे, त्याची काही तक्रार नाही. गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजला (पावसातल्या ऑफरोड स्पर्धेला) उतरायचं स्वप्न आहे, पण सध्या आजूबाजूच्या लहान स्पर्धांतच चिखल खातोय.

गेल्या पावसाळ्यात एका टप्प्यात नाल्यात उतरलो. मागची दोन्ही चाकं लॉक, दोन्ही फिरतायत आणि दोन्ही स्वतःसाठी खड्डा खणतायत. पुढचं डावं चाक हवेत भिंगरीसारखं. आणि पुढचं उजवं? ते मस्त कोरड्या जांभ्यावर टेकलेलं, ढिम्म. विंच काढली, झाड शोधलं, चार मिनिटं गेली, वेळ संपली. त्या दिवसापासून पुढचा लॉकर डोक्यात बसलाय.

आता कुठला? हवेवरचा घेतला तर कॉम्प्रेसर आहेच. विजेवरचा लोक चांगला म्हणतात. आपोआप लागणारा डबा लॉकर सगळ्यात स्वस्त. ट्रूट्रॅकसारखा मर्यादित घसरणारा डिफ हा आणखी एक पर्याय. आणि आमच्या उद्यमनगरातले एक काका म्हणतात, "डिफला वेल्डिंग मार, कायमचा लॉक, आणि झोप."

अनुभव असलेल्यांनी सांगा. नुसतं नाव नको, कारण पण सांगा.

जुना_जिप्सीवाला (पुणे)

एआरबी कंपनीचा हवेवरचा घे. कॉम्प्रेसर आहे, एक व्हॉल्व्ह आणि एक नळी वाढव. विषय संपला.

तांबडी_माती

विषय एवढ्यात संपत असता तर धागा कशाला काढला असता भावा? कारण सांग की.

चौकस_बाई

मी पाककृती शोधत होते, "डबा" बघून आत आले. आता आलेच आहे तर कुणी सांगेल का, डिफ म्हणजे काय आणि त्याला कुलूप कशाला लावायचं?

अर्धवट_इंजिनिअर (नाशिक)

बाई, स्वागत. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडली तर एकाला घासत जावं लागेल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो, पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटतो. गोम इथेच आहे.

बैलांचं जू डोळ्यासमोर आणा. मधोमध एकच दोर. एक बैल ढिला पडला की जू तिरकं होतं आणि दुसरा कितीही ताकदवान असला तरी गाडी हलत नाही. ढिल्या बैलाइतकाच जोर दुसऱ्याचाही उपयोगी पडतो. हवेतलं चाक म्हणजे तो ढिला बैल. त्याला फिरवायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही मिळत नाही. लॉकर म्हणजे जू दोन्ही टोकांनी ओंडक्याला आवळून टाकणं. मग एक बैल बसला तरी दुसरा ओढतो.

चौकस_बाई

कळलं! धन्यवाद. पण मग कायमचंच का नाही आवळून टाकत?

साखरपट्टा (वाळवा)

कारण मग वळत नाही ताई. ट्रॅक्टरला डिफ लॉक असतो, टाचेनं दाबायचं पेडल. चिखलात एक चाक फिरायला लागलं की दाबायचं, बाहेर आलं की सोडायचं. आमच्या धाकट्या चुलत्यांनी एकदा सोडायचा विसरला आणि बांधाच्या कडेला स्टिअरिंग पूर्ण मारलं. ट्रॅक्टर सरळच्या सरळ शेजाऱ्याच्या उसात. दोन सऱ्या गेल्या. ते शेजारी अजून आमच्या लग्नाला येत नाहीत.

अर्धवट_इंजिनिअर

आणि तो मागचा लॉक होता. मागची चाकं फक्त ढकलतात. पुढची ओढतात आणि वळतातही. पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि गाडी नाकासमोर जाते. तेव्हा तांबडी माती, तुझ्या काकांचं वेल्डिंग मागच्या डिफला एक वेळ चालेल, पुढच्याला नको.

लेथवाले_काका (कोल्हापूर)

तो काका मी नव्हे. उद्यमनगरात काका पुष्कळ आहेत.

पर्थकर (पर्थ, ऑस्ट्रेलिया)

इथे डी-मॅक्स (तुझ्या व्ही-क्रॉसचंच इकडचं नाव) तिकडच्या बोलेरो पिकअपसारखी गल्लोगल्ली दिसते. त्यामुळे पुढच्या डिफसाठीही लॉकर मिळतात. सोळा वर्षांत मी स्वतःच्या गाड्यांवर चारही प्रकार वापरून झालेत, म्हणून जरा लांबण लावतो.

हवेवरचा: एआरबीने १९८७ मध्ये रॉबर्ट्स डिफ लॉकचे हक्क घेतले आणि त्यातून एअर लॉकर आला, म्हणजे जुनी, पारखलेली चीज. बटण बंद असताना तो साधा डिफ असतो, बटण दाबलं की पूर्ण लॉक. पुढे जा, मागे जा, पकड सुटत नाही. दुखणं एकच, हवेची वाट. हाऊसिंगला (डिफच्या बाहेरच्या खोळीला) भोक, आत बारीक तांब्याची नळी, ओ-रिंग. ओ-रिंग गेली की डिफचं तेल उलट नळीतून चढतं आणि व्हॉल्व्हच्या तोंडातून ठिबकतं. व्हॉल्व्हपाशी तेल दिसलं तर हवा कुठून जाते ते शोधत बसू नकोस, डिफ उघड.

विजेवरचा (ईटन, आणि इकडे हॅरप): कॉम्प्रेसर नको, नळी नको, आत चुंबक. वायर नीट घेतली तर पाण्याने काही होत नाही. पण त्याची जुळणी उतारावरच्या गोळ्यांची असते. पुढून रिव्हर्स घेतलास की क्षणभर सुटतो आणि मग पुन्हा धरतो. डोंगरावर फिरायला जाणाऱ्याला कळणारही नाही. चिखलात पुढे-मागे झोके देऊन निघणाऱ्याला मात्र दर झोक्याला तो झटका शाफ्टमध्ये जाणवतो.

डबा लॉकर: तुझ्याच डिफच्या डब्यातले लहान गिअर काढून त्यांच्या जागी दातेरी तुकडे बसवायचे. क्राउन-पिनियनला (डिफच्या मुख्य गिअरच्या जोडीला) हात लावायचा नाही, म्हणून स्वस्त. तो कायम लागलेला असतो, वळताना बाहेरचं चाक पुढे पळालं की कटकट करत सुटतो. पुढच्या ॲक्सलला हे कुठे चालतं? जिथे फ्री व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे) आहेत तिथे. हब सोडले की लॉकर आहे हे विसरायचं. तुझ्या गाडीला ते हब नाहीत. चिखलात ॲक्सिलरेटर दाबलेला आणि स्टिअरिंग वळवलेलं, दोन्ही एकदम करावं लागतं. त्या वेळी तो सुटणार नाही आणि तुला वळायचं असेल.

ट्रूट्रॅक: गिअरवर चालणारा, बटण नाही, झटका नाही, स्टिअरिंगला त्रास नाही. माझ्या रोजच्या गाडीत पुढे हाच आहे. पण तो घसरणाऱ्या चाकाच्या जोराच्या दोन-तीन पट जोर दुसऱ्याला देतो. शून्याच्या तिप्पट शून्यच. चाक हवेत गेलं की डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून त्याला फसवावं लागतं.

तुझ्या नाल्याच्या गोष्टीत चाक हवेत होतं. बाकी तू ठरव.

रॅलीवेडा (ठाणे)

ट्रूट्रॅकवर अन्याय होतोय. रेड द हिमालयसारख्या ठिकाणी, वेगात, खडीवर, पुढचा पूर्ण लॉकर लावून वळण घेऊन दाखवा. दरीच दिसेल.

तांबडी_माती

रॅलीवेडा, मान्य. पण माझा वेग ताशी सहा किलोमीटर असतो. त्यातले तीन विंचचे.

चारचाकी_चार्वाक (सोलापूर)

सगळे लॉकर विकायला बसलेत. आमच्या वेळी महिंद्रा जीपला पुढे मागे उघडे डिफ होते आणि आम्ही चालवत होतो. लाइन नीट निवडा, टायरची हवा कमी करा, पायात संयम ठेवा. लॉकर हा आळस आहे.

जुना_जिप्सीवाला

आणि कुठे कुठे अडकत होता, तेही सांगा चार्वाक :)

चारचाकी_चार्वाक

सगळीकडे. पण इज्जतीत अडकत होतो.

को_ड्रायव्हर_सातारकर

मी गाडी चालवत नाही. मी ती ढकलते, विंचची दोरी घेऊन गुडघाभर चिखलात पळते आणि दारातून बाहेर लटकून चाकं बघते. म्हणून जरा वेगळं सांगते.

ड्रायव्हरला वाटतं पुढचा लॉकर खूप वापरला जाईल. आमच्या गाडीत अख्ख्या टप्प्यात तो एखादा मिनिट लागतो. दगडावर नाक चढवताना, नाल्याची कड चढताना. बाकी सगळा वेळ आम्हाला वळायचं असतं. हद्दीची टेप दोन्ही बाजूंना, झाड समोर, आणि टेपला टेकलात की गुण गेले. त्या वेळी पुढचा लॉक राहून गेला तर मी बाहेरून ओरडते "लॉक काढ", आत इंजिनच्या आवाजात ऐकू येतं "रॉक आहे". एकदा असंच झाडावर गेलोय. आता आमची खूण ठरलीय, बॉनेटवर दोन थापा म्हणजे लॉक काढ.

म्हणून माझं मत: हवा की वीज हे तुम्ही पुरुषमंडळी भांडत बसा. बंद करता येणारा घ्या, आणि तो पटकन बंद होतो का ते बघा.

तांबडी_माती

ताई, दोन थापा लिहून घेतल्या.

गोंयकार (सांगे)

जांभ्यावरून आठवलं. झाडाला पट्टा लावला होता ना? की तशीच दोरी गुंडाळली? इकडे पावसात साल ओली असते, सोलून निघते.

तांबडी_माती

पट्टा होता, शपथ.

गोंयकार

मग ठीक. आता मातीबद्दल. देशावरची काळी माती चिकटून चाकाचा लाडू करते. आमची तांबडी माती वरून लोण्यासारखी आणि खाली जांभा, खरवडणारा, कडा असलेला. चाक वर फिरत असतं, फिरत असतं, आणि अचानक खाली त्याला दगड सापडतो. गोव्यात २०१४ पासून जुलै-ऑगस्टच्या पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज बघतोय (मूळ मलेशियातलं, १९९७ पासूनचं). गाड्या चिखलात रुतून बसतात, पण मोडतात त्या चिखलाखालच्या दगडावर. लॉकर निवडताना हे डोक्यात ठेव.

अर्धवट_इंजिनिअर

गोंयकार यांनी मर्मावर बोट ठेवलं. आकडेच मांडतो. इंजिनचा टॉर्क ३६० न्यूटन-मीटर. पहिला गिअर, लो रेंज आणि क्राउन मिळून समजा ४० पट. म्हणजे चाकांपाशी १४,४०० न्यूटन-मीटर. त्यातला निम्मा पुढे आला तर ७,२००. उघड्या डिफमध्ये एकेका शाफ्टला जास्तीत जास्त ३,६००. लॉक लावला आणि एक चाक हवेत असेल तर सगळा ७,२०० एकाच शाफ्टवर. कंपनीने शाफ्ट कशासाठी बनवला? उघड्या डिफसाठी. पुढचा लॉकर लावणं म्हणजे पुढचे सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी शाफ्टचा जोर पोचवणारे सांधे) मोडायचा परवाना घेणं.

पर्थकर

अर्धवट, हिशेब अर्धवटच राहिला :) टॉर्क इंजिन देतं म्हणून शाफ्टवर येत नाही, जमीन जेवढा धरते तेवढाच येतो. ३३ इंची टायर, म्हणजे त्रिज्या ४२ सेंटिमीटरच्या आसपास. चाकावर समजा ६०० किलो वजन. कोरड्या दगडावर पकड ०.८ धरली तर ६०० गुणिले ९.८ गुणिले ०.८ गुणिले ०.४२, जवळपास २,००० न्यूटन-मीटर. त्यापुढे चाक घसरतं. चिखलात पकड ०.३ धर, ७५० सुद्धा येत नाही. तुझे ७,२०० कुठल्या चाकाने झेलले?

अर्धवट_इंजिनिअर

स्थिर अवस्थेत मान्य. पण एक चाक हवेत गेलं की त्याचं वजन दुसऱ्यावर येतं, ६०० चे १,००० होतात. आणि गोंयकार म्हणतात तसं, चाक जोरात फिरत असताना अचानक दगड सापडला तर टायर, रिम, ब्रेक डिस्क, इतकंच नाही तर इंजिनचं फ्लायव्हीलसुद्धा एका क्षणात थांबायला बघतं. तो धक्का तुमच्या घसरणीच्या सूत्रात बसत नाही.

पर्थकर

आता बोललास. म्हणजे शाफ्ट मोडतो तो ड्रायव्हरच्या उजव्या पायामुळे. लॉक लावला की ॲक्सिलरेटर अर्धा करायचा, हेच तर इतकी वर्षं सांगतोय.

जुना_जिप्सीवाला

मी मोडलेत, म्हणून बोलतो. जिप्सीच्या पुढच्या बर्फील्ड जॉइंटचे (सीव्हीचाच एक प्रकार) आत्तापर्यंत चार बळी. चारही वेळा तीच परिस्थिती: पुढचा लॉक लागलेला, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला, आणि वर चढायला ॲक्सिलरेटर खाली. तिन्हीतली एकही गोष्ट कमी असती तर जॉइंट वाचला असता. आता नियम केलाय, लॉक लागलेला असताना स्टिअरिंग पाऊण फेऱ्याच्या पुढे नाही. जॉइंट, एक शाफ्ट आणि दोन सर्क्लिप कायम गाडीत. चिखलात बसून चाळीस मिनिटांत बदलतो.

आणि एक रड. पहिला लॉकर बसवायला एका नावाजलेल्या गॅरेजला दिला होता, नाव घेत नाही. त्यांनी शिम (मापाच्या पातळ चकत्या) न मोजता जुन्याच शिम परत घातल्या. ताम्हिणी घाटात गाडी विमानासारखी वाजायला लागली. परत आलो तेव्हा डिफच्या तेलात चांदी. क्राउनचे तीन दात गेलेले. उत्तर काय मिळालं? "ऑफरोडिंग करता ना साहेब, मग होणारच."

लेथवाले_काका

हे वाचून राहवत नाही. मुलांनो, लॉकर कुठल्या कंपनीचा यावर तुम्ही तीस प्रतिसाद खर्च केले. बसवणार कोण, यावर एक.

लॉकर घातला म्हणजे डिफचा जुना डबा गेला. क्राउन नव्या डब्यावर आला, बेअरिंग नवी, म्हणजे सगळी मापं नव्याने. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायलने मोजायचा, बोटाने हलवून "ठीक वाटतंय" म्हणायचं नाही. साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटरमध्ये बसतो, पण तुमच्या डिफच्या पुस्तकात काय दिलंय तेच धरायचं. आणि एका जागी मोजून थांबायचं नाही, फिरवून चार ठिकाणी. मग दातांना रंग लावून फिरवायचं, ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे. टोकाला आला तर परत उघडायचं. दिवस जातो. जाऊ द्या.

हवेचा लॉकर असेल तर हाऊसिंगला भोक पडणार. भोक पाडताना बर आत पडतो. तो आत राहिला की पहिल्याच फेरीत बेअरिंगला जातो. ड्रिलला ग्रीस लावा, चुंबक फिरवा, मग डिझेलने धुवा. आणि तांब्याची नळी वाकवताना घाई नको. क्राउनला घासली की दोन तासांत भोक.

तांबडी_माती

काका, तुमचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. हाऊसिंग तुमच्याकडंच येणार.

कायदेपंडित (मुंबई)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ कडे लक्ष वेधू इच्छितो. मूळ रचनेत बदल...

तांबडी_माती

गाडी ट्रेलरवर असते हो. पहिल्या परिच्छेदात लिहिलंय.

कायदेपंडित

ट्रेलरची नोंदणी आहे का?

को_ड्रायव्हर_सातारकर

यांना चिखलात न्या कुणीतरी.

बे_एरियाकर (कॅलिफोर्निया)

इकडे जॉन्सन व्हॅलीत किंग ऑफ द हॅमर्स २००७ पासून होते. मी दरवर्षी धूळ खायला जातो. ते वाळवंट आहे, तुमचा चिखल नाही, तरी एक गोष्ट सांगण्यासारखी. खडकांत अरुंद जागी वळायला काही जण मागच्या चाकांचा जोर ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्समधून) तोडतात आणि पुढचा लॉक लावून गाडीचं नाक नुसतं ओढत फिरवतात. मागचा भाग जागेवर, पुढचा सरकतो. म्हणजे पुढचा लॉक वळायला अडथळा असतो हे खरं, पण मागचं सोडता आलं तर तोच वळायला मदत करतो. दुसरी युक्ती, एकेका बाजूचा ब्रेक वेगळा दाबता येईल असा लिव्हर. आतल्या बाजूचं मागचं चाक धरलं की गाडी त्याच्याभोवती फिरते.

साखरपट्टा

दुसरी युक्ती आमच्या ट्रॅक्टरला कारखान्यातूनच येते. दोन ब्रेक पेडल, डावं वेगळं, उजवं वेगळं. सरीच्या शेवटी एक दाबलं की ट्रॅक्टर जागेवर वळतो. रस्त्यावर आलं की दोन्ही कडीनं जोडायची. कॅलिफोर्नियाला माझा नमस्कार सांगा.

बे_एरियाकर

सांगतो. ते त्याला नवीन शोध समजतात, तेवढं बोलू का नको?

चौकस_बाई

मी अजून इथेच आहे. पाककृती राहिली. हे फार छान चाललंय.

गोंयकार

बाई, चिखलात जेवायला काय नेतात तेही विचारा. उकडलेली अंडी आणि पाव. दुसरं काही टिकत नाही. जळवा मात्र मोफत.

पर्थकर

मूळ प्रश्नाकडे. तांबडी माती, तू पुढून दोन इंच उचललीय म्हणालास. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, प्रत्येक चाक वेगळं हलतं. उचललं की डिफ गाडीच्या सांगाड्याबरोबर वर जातो, चाक खाली राहतं आणि सीव्ही जॉइंट उभे असतानाच तिरके होतात. त्यात चाक हवेत लोंबलं की कोन आणखी वाढतो. आणि लॉकर नेमका तेव्हाच लावणार आहेस. लॉकर मागवायच्या आधी एक कर. पुढून जॅकवर घे, दोन्ही चाकं लोंबू दे, स्टिअरिंग एका टोकाला मार आणि चाक हाताने फिरव. मग दुसऱ्या टोकाला. काय वाटतं ते सांग.

तांबडी_माती

आज रविवार, केलं.

सरळ असताना मऊ फिरतंय. डावीकडं पूर्ण मारलं की उजव्या चाकाला एका जागी अडकल्यासारखं होतंय, जोर लावला की "कट". उजवीकडं मारल्यावर डाव्याला तसंच, जरा कमी. आणि आतल्या बाजूच्या रबर बूटला चीर, ग्रीस बाहेर आलंय, त्यात गोव्याची माती.

म्हणजे लॉकर नसतानाच जॉइंटची वाट लागलीय.

जुना_जिप्सीवाला

आणि तू त्यावर लॉकर टाकणार होतास. गणपती पावला म्हण.

पर्थकर

आता क्रम बदल. आधी बूट आणि जॉइंट नवे. मग डिफ खाली उतरवणारे स्पेसर, म्हणजे डिफ इंचभर खाली येऊन कोन कमी होईल. नाहीतर उंची दोनवरून एकवर आण. चाक फार लोंबू नये म्हणून खालच्या आर्मला पट्टे लाव. थोडी चाल कमी होईल, पण लॉकर असताना चाक जमिनीला टेकलंच पाहिजे अशी सक्ती राहत नाही. लॉकरचा मुख्य फायदा हाच. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीचं चाक सॉलिड ॲक्सलच्या मानाने लवकर उचललं जातं, म्हणून तिला पुढचा लॉकर जास्त उपयोगी. आणि तिचेच जॉइंट नाजूक, म्हणून तिलाच तो जास्त महाग पडतो.

टायरॉडचे (स्टिअरिंगकडून चाकाला जाणाऱ्या दांडीचे) एंड पण बघ. लॉक लागल्यावर एक चाक पुढे ओढतं आणि दुसरं अडून बसतं, ती सगळी ओढाताण टायरॉडवर येते. स्पेअर ठेव.

चारचाकी_चार्वाक

म्हणजे लॉकरपायी जॉइंट, जॉइंटपायी स्पेसर, स्पेसरपायी पट्टे. मी काय म्हणत होतो?

को_ड्रायव्हर_सातारकर

चार्वाक, पुढच्या स्पर्धेत तुमची विंचची दोरी तुम्ही ओढा, मग बोलू.

तांबडी_माती

ठरलं. थोडक्यात सांगतो.

डबा लॉकर आणि वेल्डिंग बाद, वळायचं आहे म्हणून. ट्रूट्रॅक बाद, माझं चाक हवेत जातं म्हणून. विजेवरचा चांगला, पण मी झोके देऊन निघणारा माणूस. हवेवरचा घेतोय. मागच्याचा कॉम्प्रेसर, मागच्याची सवय. पण तो शेवटी. जॉइंट, बूट, स्पेसर या महिन्यात. लॉकरचे पैसे पुढच्या महिन्यात, तोवर बायकोला हा धागा दाखवू नका.

एकच अडलंय. वायरिंगच्या कागदावर असं दिसतंय की मागचं बटण चालू असल्याशिवाय पुढचं लागतच नाही.

पर्थकर

हो, एआरबीचं वायरिंग मुद्दाम तसंच असतं. चुकून एकटा पुढचा लागून गाडी रस्त्यावर सरळ जाऊ नये म्हणून.

बे_एरियाकर

वेगळं कर. नाकाने ओढत वळायची युक्ती एकट्या पुढच्यावरच चालते.

पर्थकर

त्याच्या ट्रान्सफर केसमध्ये मागचं सोडायची सोय नाही. मग वेगळं करून काय मिळणार? राहू दे तसंच.

को_ड्रायव्हर_सातारकर

वायरिंग काहीही करा. पुढचं बटण को-ड्रायव्हरच्या बाजूला द्या. चाक हवेत आहे की नाही हे आम्हाला दिसतं, तुम्हाला नाही.

तांबडी_माती

माझा को-ड्रायव्हर माझा मेहुणा आहे. त्याच्या हातात बटण दिलं तर तो घाटात पण दाबेल.

साखरपट्टा

मग आपली पद्धत. पेडल, टाचेखाली.

लेथवाले_काका

ते नंतर भांडा. तांबडी माती, बुधवारी हाऊसिंग घेऊन ये. धुऊन आण. गेल्या वेळी एकाचा मागचा डिफ उघडला तेव्हा अर्धा गोवा आत होता.